रोमचा रांजण आणि आपला गावगाडा

१

रोमचा इतिहास दलितांनी कशासाठी वाचायचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जमिनीचे, पाण्याचे, अत्याचाराचे प्रश्न दारात उभे असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका परक्या साम्राज्याची उठाठेव करायला आपल्याला सवड कुठे आहे, असे म्हणणारे कार्यकर्ते भेटतात. त्यांचा सवाल रास्त आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

रोम आपल्याकडे दोन वाटांनी आला. पहिली वाट मातीतली आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या पांढरीत अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे थर लागले. त्यांतल्या एका थराला उत्खनकांनी ‘इंडो-रोमन’ असेच नाव दिले. हा थर सुमारे इ. स. पू. ५० ते इ. स. २०० या काळाचा. त्यात भूमध्य समुद्राकडून दारू भरून आलेल्या दोन कानांच्या उभट रांजणांचे तुकडे सापडले. या रांजणांना ‘अँफोरा’ म्हणतात. दुसरी वाट आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीची. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने नाकारलेल्या भाषणात त्यांनी रोममधील प्लेबियन या कनिष्ठ वर्गाचा दाखला दिला. पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी रोमन गुलामांची स्थिती बारकाईने तपासली.

पहिल्या वाटेने रोमचा माल आला. दुसऱ्या वाटेने रोमचा एक प्रश्न आला. आपले प्रस्थापित इतिहासकार पहिल्या वाटेवर फार रमतात. सातवाहनांचे वैभव, परदेशी व्यापार, पैठणची कीर्ती यांची वर्णने पाठ्यपुस्तकांतून आपण सगळेच वाचत आलो. दुसऱ्या वाटेकडे मात्र ते फिरकत नाहीत.

याच जिल्ह्याच्या नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. अवर्षणाच्या पट्ट्यातल्या या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत महाराष्ट्राला दाखवली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि गुरांना किती लागेल, पिकाला किती उरेल, हे ग्रामसभेपुढे मांडायचे आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. वैभवाच्या इतिहासालाही हीच रीत लावली पाहिजे. किती आले, किती गेले, कोणाच्या घामातून गेले आणि कोणाच्या घरात मुरले, असे विचारले पाहिजे. रोम आणि महाराष्ट्र यांच्या संबंधाचा असा ताळेबंद मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

२

इ. स. च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने किंवा खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक वाटाड्या-वही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लिहिणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परंतु या वहीत पैठण आहे, तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्याने दिले आहे. या गावांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून बंदरावर आणला जातो, असेही तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड येत. तगरहून साधे कापड येई आणि तलम मलमलही येई.

बदल्यात काय येत होते? भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी त्याने दिली आहे. दारू, आणि त्यातही इटलीची अधिक पसंतीची. तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. आणि राजासाठी खास म्हणून चांदीची भारी भांडी, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. दारूच्या आणि शिशाच्या ओळीत माणसे! वही लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटलेले नाही. त्याच्या दृष्टीने तीही खपणारी वस्तूच होती.

या व्यापाराचा आकडाही उपलब्ध आहे. थोरला प्लिनी हा रोमन ग्रंथकार इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटात मेला. भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि तिथला माल आपल्याकडे शंभरपट दराने विकला जातो, अशी त्याची तक्रार होती. त्या काळी रोमन सैन्यातील साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. म्हणजे प्लिनीचा आकडा खरा धरला, तर सुमारे ५५ हजार शिपायांचा वर्षाचा पगार आपल्याकडच्या मिऱ्यांवर, कापडावर, मोत्यांवर आणि रत्नांवर खर्च होत होता. त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. इकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली. भारतात सापडलेल्या अँफोरांच्या तुकड्यांची पुढे नव्याने तपासणी झाली आणि त्यांतले काही रोमचे नसून इराणी आखाताकडच्या रांजणांचे निघाले. तरीही रोमशी व्यापार होता ही गोष्ट पक्की आहे.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू पाहू. पैठणहून कोकणातल्या बंदरांकडे उतरायचे तर नगरचे पठार ओलांडून जुन्नरला यावे लागते आणि तिथून नाणेघाट उतरावा लागतो. नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आजही आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. राजघराण्याने कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत किती हजार गाई, किती हजार कार्षापणे, किती घोडे, हत्ती आणि गावे दक्षिणा म्हणून दिली, याची ती लांबलचक यादी आहे. घाटातून माल वाहणाऱ्याचे नाव त्या लेखात नाही. बैल हाकणारा, कापूस पिंजणारी, सूत कातणारी, दगड घासून मणी करणारा, यांच्यापैकी कोणाचाही पत्ता नाही. घाटातून माल गेला, जकात आली आणि तिचा मोठा वाटा यज्ञकुंडाभोवती बसलेल्यांच्या पदरात पडला.

३

आता रोमकडे वळू. रोमचे गोडवे गाण्याचे आपल्याला कारण नाही. संगमरवरी खांब, रस्ते, पाण्याचे उंच कालवे आणि कायद्याची कलमे यांच्या खाली गुलामांची हाडे आहेत.

इ. स. पू. ७३ मध्ये स्पार्टाकस या गुलाम मल्लाने काही सोबत्यांसह कापुआची मल्लशाळा फोडली. पाहता पाहता हजारो गुलाम त्याच्या झेंड्याखाली जमले. दोन वर्षे त्यांनी रोमच्या फौजांना धूळ चारली. इ. स. पू. ७१ मध्ये बंड मोडले आणि जिवंत सापडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा क्रूसावर लटकवण्यात आले. इ. स. ६१ मध्ये रोम शहराच्या मुख्य अधिकाऱ्याचा त्याच्या एका गुलामाने खून केला. तेव्हा जुन्या रिवाजानुसार त्या घरातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे चारशे गुलामांना मारण्यात आले. त्यांत बायका होत्या, मुले होती. शहरातली सामान्य माणसे या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर आली. सम्राट नीरोने रस्त्याच्या कडेला सैनिक उभे करून शिक्षा पार पाडली. स्पेनच्या चांदीच्या खाणीत गुलाम दिवसरात्र जमिनीखाली राबत आणि तिथेच मरत.

रोमच्या पाण्याची कहाणी अशीच आहे. इ. स. ९७ मध्ये फ्रंटिनस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने लिहून ठेवलेल्या माहितीनुसार त्या वेळी नऊ कालवे शहराला पाणी पुरवत होते आणि त्यांच्या देखभालीला सातशे गुलाम नेमलेले होते. ते पाणी रस्त्यारस्त्यावरच्या दगडी हौदांत पडे. रोमची गुलामगिरी अशी होती. बाबासाहेबांनी तिच्यावर पांघरूण घातलेले नाही आणि आपणही घालायचे नाही.

परंतु त्या हौदांपाशी थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. कालव्याची गळती बुजवणारा गुलाम आणि धन्याच्या घरी पाणी भरणारा गुलाम यांच्या हाताने ते पाणी विटाळत होते काय? नव्हते. रोमन धन्याचा स्वयंपाक गुलाम करत होता, त्याला जेवण वाढत होता, त्याच्या मुलाला अंगाखांद्यावर खेळवत होता आणि शिकवतही होता. घराघरांतले शिक्षक, वैद्य, कारकून, ग्रंथपाल गुलाम असत. धनी त्याला मारू शकत होता, विकू शकत होता. पण त्याच्या सावलीने धनी बाटत नव्हता. आणि आपल्याकडे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि ते पाणी पुन्हा ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. कायद्याने त्या वेळी कोणी कोणाचा गुलाम नव्हता.

बाबासाहेबांच्या तुलनेचे मर्म इथे आहे. गुलाम ही धन्याची मालमत्ता होती. म्हणून त्याला जगवण्यात, शिकवण्यात, कसबी बनवण्यात धन्याचा स्वार्थ होता. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. फक्त त्याच्याकडून काम घेण्याचा हक्क सगळ्या गावाचा होता. शिवाय रोमन गुलामाला बाहेर पडायला एक दार होते. रोमन नागरिकाने आपल्या गुलामाला रीतसर मुक्त केले की तो सामान्यतः रोमचा नागरिक होई. मुक्त झालेल्यावर काही बंधने राहत. त्याच्या मुलावर ती फारशी राहत नसत. रोमचा श्रेष्ठ कवी होरेस हा मुक्त गुलामाचा मुलगा होता. इ. स. १९३ मध्ये पर्टिनॅक्स सम्राट झाला. त्याचा बापही मुक्त गुलाम होता. गुलामी ही स्थिती होती आणि स्थिती पालटू शकत होती. जात ही जन्माने चिकटते आणि मेल्यावरही, स्मशान वेगळे असल्यामुळे, सुटत नाही.

४

तुलना करताना आपल्या सोयीचे तेवढेच सांगितले तर तो अभ्यास होत नाही. रोममध्ये विटाळाची कल्पना मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. नेपल्सजवळ पुतेओली नावाचे मोठे बंदर होते. पूर्वेकडचा माल इजिप्तमार्गे याच बंदरात उतरत असे. तिथे प्रेते उचलण्याच्या ठेक्याचे नियम कोरलेली एक शिळा विसाव्या शतकात उजेडात आली. ती वाचताना आपल्या अंगावर काटा येतो. प्रेते उचलणाऱ्या कामगारांनी वस्तीपासून दूर, ठरलेल्या बुरुजापलीकडे राहावे. कामाखेरीज गावात येऊ नये. येतील तेव्हा डोक्यावर रंगीत टोपी घालावी. स्नानासाठी त्यांना रात्रीची वेगळी वेळ. फाशी दिलेल्याचे प्रेत ओढून नेताना लाल कपडे घालावेत आणि घंटा वाजवावी.

पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, याची आठवण ही शिळा वाचणाऱ्याला आल्याशिवाय राहणार नाही. मेलेले ढोर ओढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही टोपी आणि ही घंटा लगेच ओळखता आली असती. माणसाने माणसाला गावाबाहेर ठेवण्याची बुद्धी एकट्या हिंदूंना झालेली नाही, एवढे यातून दिसते.

पण त्याच शिळेवर पुढचे कलम आहे. या कामासाठी माणूस वीस वर्षांहून लहान आणि पन्नास वर्षांहून मोठा नसावा. म्हणजे ही एका ठेकेदाराने ठेवलेल्या टोळीची नोकरी होती. वीस वर्षांखालच्या मुलाला तिच्यात जागा नव्हती, आणि बापाने प्रेते उचलली म्हणून मुलानेही तीच उचलावीत, असा नियम तिथे नाही. आपल्या गावगाड्यात महाराचे मूल जन्मतःच महारकीचे धनी होते. पुतेओलीच्या नगरपालिकेने ज्या कामाला विटाळ जोडला, तो काम करणाऱ्याच्या अंगावर, त्याच्या कामापुरता होता. आपल्या धर्मशास्त्राने तो रक्तात घातला. रक्तात घातलेला विटाळ रक्तात टिकवायचा तर एकच गोष्ट सांभाळावी लागते. ती म्हणजे लग्न.

५

या ठिकाणी प्लेबियनांचा इतिहास आपल्या कामाला येतो. रोमच्या आरंभीच्या प्रजासत्ताकात नागरिकांचे दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे खानदानी घराणी. पुरोहितपदे, न्याय आणि सत्ता त्यांच्या हाती. बाकीचे प्लेबियन, शेती त्यांनी करायची, लढाईत त्यांनी मरायचे आणि कर्जापायी सावकाराचे वेठबिगारही त्यांनीच व्हायचे. रोमन परंपरेप्रमाणे इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले प्लेबियन हत्यारासह शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी कोणाचे डोके फोडले नाही. तुमचे शहर तुम्ही राखा, आम्ही नाही, एवढेच ते म्हणाले. तेव्हा पॅट्रिशियनांना तडजोड करावी लागली आणि प्लेबियनांना आपले स्वतःचे संरक्षक प्रतिनिधी, म्हणजे ट्रिब्यून, निवडण्याचा हक्क मिळाला.

पुढे इ. स. पू. ४५१-४५० मध्ये रोमचा पहिला लिखित कायदा बारा फलकांवर आला. त्यात पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्नाला बंदी होती. अवघ्या पाच वर्षांत, इ. स. पू. ४४५ मध्ये, कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने ही बंदी उठवण्याचा ठराव आणला. पॅट्रिशियनांनी त्याला केलेला विरोध लिव्ही या रोमन इतिहासकाराने सांगितला आहे. रक्ताची सरमिसळ होईल, घराण्यांची ओळख पुसली जाईल, देवांचा कौल लावण्याचा अधिकार भ्रष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. वर्णसंकराचा बागुलबुवा आपण दोन हजार वर्षे ऐकत आहोत. तो रोममध्ये शब्दाशब्दाने तसाच बोलला गेला. पण तिथे तो हरला. कॅन्युलियसने सैन्यभरती रोखून धरली. जे तुमच्या पोरींशी लग्न करायला लायक नाहीत, ते तुमच्यासाठी मरायला लायक कसे, असा त्या अडवणुकीचा अर्थ होता. कायदा मंजूर झाला.

त्यानंतर क्रमाने बाकीची दारे उघडली. इ. स. पू. ३६७ मध्ये कॉन्सल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले. इ. स. पू. ३२६ मध्ये कर्जापायी होणाऱ्या वेठबिगारीला कायद्याने पायबंद घातला. इ. स. पू. २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक झाले.

१९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके काय दाखवून दिले? प्लेबियनाला पद मिळाले तरी निवडून येणारा माणूस दुबळाच असे, कारण देवतेचा कौल त्याला अनुकूल असावा लागे आणि कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन होते. मत प्लेबियनाचे, पण देव पॅट्रिशियनांचा! म्हणून धार्मिक सत्तेला हात घातल्याखेरीज राजकीय सत्ता पोकळ राहते, हा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाला रोमचा पुढचा इतिहास पुष्टी देतो. इ. स. पू. ३०० मध्ये ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने पुरोहितांच्या आणि शकुन पाहणाऱ्यांच्या मंडळांत जागा वाढवून त्या प्लेबियनांना दिल्या. पुढच्या अर्धशतकात एक प्लेबियन रोमचा मुख्य पुरोहितही झाला. लग्न, पद आणि पौरोहित्य या तिन्ही कड्या तुटल्या, तेव्हाच पॅट्रिशियन हा वर्ग नावापुरता उरला.

या तीन कड्यांत लग्नाची कडी पदाच्या आणि पौरोहित्याच्या आधी तुटली. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सजातीय विवाह हेच जातीचे मूळ असल्याचे मांडले होते. रोमचा इतिहास त्यांच्या या सिद्धान्ताच्या बाजूने साक्ष देतो.

६

मग प्रश्न उरतो तो असा. रोमचा रांजण प्रवरेच्या काठापर्यंत आला, तेव्हा आपल्याकडे काय चालले होते?

त्या काळाची साक्ष लेण्यांत कोरलेली आहे. जुन्नर आणि कार्ले येथे यवन म्हणवणाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. हे यवन प्रत्यक्ष ग्रीक-रोमन होते की इथेच मुरलेले होते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्यातील अनेकांची नावे इथलीच वाटतात. पण त्यांच्या शेजारी इतर दाते कोण आहेत ते पाहावे. कार्ल्याला सुतार आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. नाशिकला विणकरांच्या श्रेणी आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्यांच्याकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंची सोय लावली. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या पतीवर विश्वास ठेवत होता! नाशिकलाच मुगुदास नावाच्या दासकाचे लेणे आहे. दासक म्हणजे कोळी, असा अर्थ लावला जातो. आणि सातवाहनांच्या प्रभावाखालील आंध्रात, अमरावतीच्या स्तूपावर, विधिक नावाच्या चर्मकाराने आपल्या कुटुंबासह दिलेले दान कोरलेले आहे. त्याने आपला धंदा लपवलेला नाही, आणि आपल्या बापाची ओळख त्याने उपाध्याय, म्हणजे शिक्षक, अशी दिली आहे. चांभाराचा बाप शिक्षक, आणि त्याचे दान स्तूपाला मान्य!

बुद्धाच्या धम्माने कष्टकऱ्याला आपल्या नावाने उभे राहायला जागा दिली, याचा हा दगडी पुरावा आहे. अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास आकाराला आली, असे अनुमान बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. विधिक चर्मकाराचा लेख त्या अनुमानाशी जुळणारा आहे.

मात्र त्याच काळात दुसरा प्रवाहही बळावत होता. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने, बलश्रीने, त्याची प्रशस्ती कोरून घेतली. शक, यवन, पहलव यांचा त्याने नाश केला हे तिने सांगितले, आणि चार वर्णांचा संकर त्याने थांबवला हेही अभिमानाने सांगितले. बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर हे वाक्य आहे! संकर थांबवल्याची बढाई मारावी लागते, याचा अर्थ संकर होत होता. लोक आपापल्या मनाने लग्ने करत होते, धंदे बदलत होते, परक्यांना आपल्यात घेत होते. राजसत्तेने आणि पुरोहितांनी मिळून ते रोखायचे ठरवले. रोममध्ये सरमिसळीची भीती दाखवणारे हरले. पैठणच्या राज्यात सरमिसळ रोखणारा राजा प्रशस्तीला पात्र ठरला.

पुढे रोमचा व्यापार आटला. नेवाशाच्या उत्खननात इंडो-रोमन थरानंतर मोठा खंड पडतो आणि एकदम मुस्लिम-मराठा काळाचा थर लागतो. अशीच पडझड इतर अनेक नगरांची झाल्याचे प्रा. रामशरण शर्मा यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. नगरे ओस पडली की श्रेणींचा आधार तुटतो आणि कारागीर पोटासाठी गावच्या पाटलाच्या दारी येतो. नाशिकचा विणकर राजाची ठेव सांभाळत होता; गावगाड्यातला कारागीर सुगीला बलुत्यासाठी खळ्यावर उभा राहिला, आणि त्याच्याही मागे, दूर अंतरावर, महार-मांग उभे राहिले. रांजण फुटला, घाटातली जकात बंद झाली. वर्णसंकर थांबवण्याचे व्रत मात्र गावोगाव चालू राहिले.

७

हा सगळा जुना इतिहास म्हणून मिटून ठेवता आला असता तर बरे झाले असते. पण ज्या नेवासे तालुक्यात रोमचा रांजण सापडला, त्याच तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांचा अमानुष खून झाला. त्यांच्यापैकी एकाचे सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध होते, हे त्यामागचे कारण होते. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या खुनानंतर सव्वा वर्षाने, २८ एप्रिल २०१४ रोजी, याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला असल्याच संशयावरून मारण्यात आले. त्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये खालच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

भारतात वेगवेगळ्या जातींच्या हिंदूंमधली लग्ने सरसकट वैध ठरवणारा कायदा १९४९ साली झाला. रोममध्ये लग्नबंदी उठली त्याला त्या वेळी जवळजवळ दोन हजार चारशे वर्षे होऊन गेली होती. पण कायदा झाल्यानंतरही चौसष्ट वर्षांनी सोनई घडते. म्हणून कॅन्युलियसकडून आपण फक्त कायदा शिकून चालणार नाही. त्याच्या कायद्यामागे एकजुटीने काम नाकारणारे लोक होते, हे शिकायचे आहे. आपल्यालाही हे परके नाही. बाबासाहेबांच्या हाकेसरशी गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, तेव्हा आपलेही प्लेबियन टेकडीवर गेले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. वतनाची कडी तुटली, पाण्याची कडी कायद्यात तुटली. लग्नाची कडी मात्र अजून गावाच्या मुठीत आहे.

रोमचा इतिहास आणखी एक इशारा देतो, आणि तो आपल्याच घरासाठी आहे. प्लेबियन जिंकले, तेव्हा त्यांच्यातली श्रीमंत घराणी पॅट्रिशियनांशी सोयरीक करून नव्या सरदारवर्गात सामील झाली. गरीब प्लेबियनाची जमीन तशीच सावकाराच्या आणि बड्या जमीनदाराच्या घशात जात राहिली. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस याने जमिनीच्या वाटपाचा प्रश्न उभा केला, तेव्हा सरदारांच्या सभेतल्या लोकांनीच त्याला ठार मारले. आणि प्लेबियनांच्या या साऱ्या विजयांत गुलाम कुठेच नव्हता. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, शहरात आले, त्यांनी हा इशारा नीट वाचावा. चळवळीने मिळवलेल्या पायरीवर बसून खालच्याला विसरणे हा नव्या सरदारकीचा रस्ता आहे. पोटजातीबाहेर मुलगी देताना आपल्यातल्या किती जणांचा हात अडखळतो, हाही प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरात विचारावा. सजातीय विवाह सवर्णांच्या घरी जातीचे मूळ असेल, तर आपल्या घरी तो दुसरे काही असू शकत नाही.

रोमचा इतिहास कशासाठी वाचायचा, त्याचे उत्तर हे आहे. संग्रहालयात काचेआड ठेवलेला रांजणाचा तुकडा पाहताना मास्तर मुलांना सांगतात, पाहा, आपला देश किती संपन्न होता. मास्तरांनी ते जरूर सांगावे. त्याबरोबर पुढचे दोन प्रश्नही मुलांना विचारू द्यावेत. हा रांजण घाटावरून कोणी वाहिला? आणि ज्याने वाहिला त्याच्या मुलाला, ज्याने तो रिकामा केला त्याच्या मुलीशी, आज नेवाशात लग्न करून सुखाने राहता येईल काय? ज्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येईल, त्या दिवशी आपला ताळेबंद पुरा होईल. तोवर खाते उघडे आहे.